दर वेळी जिन्याचं काय विचारता, सिस्टर?

केमोच्या डे केअरमध्ये नर्स आहे म्हटल्यावर लोक केस गळण्याबद्दल विचारणार हे ठरलेलंच. पण हॉजकिन लिम्फोमासाठी (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) ज्यांचं एबीव्हीडी, म्हणजे चार औषधांची केमो, चालू असतं, ते हमखास म्हणतात, 'आजार मानेतल्या गाठींचा, आणि तुम्ही सलाईन लावायच्या आधी दर वेळी जिना आणि खोकला काय विचारता?'

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. त्या नावातला 'बी' म्हणजे ब्लिओमायसिन. वृषणाच्या कॅन्सरच्या बीईपी नावाच्या केमोमध्येही तेच असतं. जपानच्या हमाओ उमेझावांनी १९६०च्या दशकात एका जिवाणूपासून शोधलेलं, गुणी औषध. शरीरात बहुतेक ठिकाणी त्याला निकामी करणारं एन्झाइम असतं. फुप्फुसांत आणि त्वचेत ते फारच कमी. त्यामुळे काहींच्या पाठीवर छडीचे वळ उठावेत तसे काळपट पट्टे येतात. ते निदान दिसतात. फुप्फुसात हवेच्या पिशव्यांच्या भिंती सुजतात, त्याचा सुरुवातीला एक्स-रेवरही पत्ता लागेलच असं नाही. कोरडा खोकला, चढावर दम, कधी बारीक ताप, एवढंच. सूज तशीच राहिली तर फुप्फुस कडक होत जातं, आणि ते मग मागे फिरत नाही.

'दम लागतो का?' विचारलं की उत्तर 'नाही' येतं. माणूस खोटं बोलत नसतो. दम लागायला लागला की तो नकळत कामं सोडत जातो. गच्चीवर कपडे वाळत घालायला सून जाते, भाजी मुलगा आणतो. मग दम लागणार कधी? म्हणून मी विचारते, 'मागच्या डोसला करत होतात, त्यातलं काय सोडलंत?' आणि बघते सोबत आलेल्या माणसाकडे. एका काकांनी ठणकावून 'काही नाही' सांगितलं, तर काकू म्हणाल्या, 'अहो, परवा अंघोळ करून आलात नि धापा टाकत पलंगावर बसलात ते?' बोटाला ऑक्सिमीटर लावला, बसल्या जागी ९७. कॉरिडॉरच्या टोकापर्यंत चालवून आणलं, ९१. त्या दिवशी ब्लिओमायसिनची वायल फ्रिजमध्येच राहिली आणि मी डॉक्टरांना फोन लावला.

पुढे सीटी होतो, डीएलसीओ नावाची फुंकायची तपासणी होते, आणि इन्फेक्शन नाही ना हे बघावंच लागतं, कारण केमोने पांढऱ्या पेशी कमी असताना तेही असंच दिसतं. औषध थांबवतात, गरज पडली तर स्टिरॉइड देतात. लवकर सापडलं तर बरेच जण सावरतात. डोसच्या रात्रीच हुडहुडी भरून ताप आला तर तो बहुधा औषधाचा असतो, फुप्फुसाचा नाही. पण कळवायचं तरीही. चाळिशी उलटलेली, किडनी अशक्त, सिगारेट ओढणारे, छातीला रेडिएशन झालेले, यांना मी जास्त छळते. एकूण डोस ४०० युनिटच्या वर गेला की धोका बराच वाढतो. कमी डोसला होतच नाही, असं मात्र नाही.

'बी काढला तर कॅन्सर उलटेल का?' ही पुढची भीती. हॉजकिनच्या पुढच्या टप्प्यांतल्या रुग्णांवर झालेल्या आरएटीएचएल चाचणीचे निकाल २०१६मध्ये आले. दोन सायकलनंतर पेट स्कॅन स्वच्छ असलेल्यांना पुढे ब्लिओमायसिन वगळून औषधं दिली, तरी फळ जवळपास तेवढंच मिळालं. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगनेही १९९६मध्ये वृषणाच्या कॅन्सरसाठी, फुप्फुसं जपायला ब्लिओमायसिनऐवजी आयफॉस्फमाइड या दुसऱ्या औषधाचा कोर्स घेतला होता. (पुढचं डोपिंग हा वेगळा विषय!) तुमच्यासाठी काय, ते मात्र तुमचे डॉक्टरच ठरवतील.

केमो संपल्यावरही एक करा. हर्नियाचं का असेना, कुठलंही ऑपरेशन ठरलं की भूलतज्ज्ञांना ब्लिओमायसिन घेतल्याचं आधी सांगा. जास्त ऑक्सिजन या फुप्फुसांना त्रासदायक ठरू शकतो, त्यामुळे ते जेमतेम लागेल तेवढाच ठेवतात. तारकर्लीला स्कूबा करायचा बेत असेल तर तोही डॉक्टरांना विचारूनच.