संभ्रम देखाओ

माझा चष्मा तुटला. म्हणजे मीच त्यावर बसले.

पुण्यात असते तर लक्ष्मी रोडवर तासाभरात नवा करून मिळाला असता, वर नंबरही तिथल्या तिथे तपासून झाला असता. इथे फ्रान्समध्ये, लील शहरात दुकानदाराने आधी डॉक्टरची चिठ्ठी मागितली. माझ्याकडची पुण्याची, तीही जुनी. चालणार नाही म्हणाला, अगदी गोड हसून. (इथला नकार नेहमी गोड असतो, त्याचाच जास्त राग येतो.) डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ मिळाली ती सात आठवड्यांनंतरची. सात आठवडे! दांडीला चिकटपट्टी लावून मी मीटिंगांना बसत होते आणि भेटेल त्याला हे गाऱ्हाणं ऐकवत होते. फक्त आईला फोनवर काही बोलले नाही. "मग राहतेस कशाला तिथे?" हे ठरलेलं असतं.

ऑफिसातल्या बौदींनी (बंगालीत बौदी म्हणजे वहिनी) आठवडाभर ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आमच्या एका बंगाली मुलाने डोळ्यांपायी मोटारसायकल विकली होती. चल, शनिवारी भेटवते."

लीलपासून गाडीने अर्धा तास. एस्तव्हेल नावाचं छोटंसं गाव. वाटेत मी दुकानातून शेवंतीची कुंडी घेतली. इथे शेवंती थडग्यावरच वाहतात. हे माहीत नसल्यामुळे पहिल्या वर्षी मी ती एकांकडे जेवायला जाताना नेली होती आणि घरमालकिणीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. या खेपेला निदान फुलं तरी बरोबर होती.

बौदींचा हा बंगाली मुलगा म्हणजे इंद्रलाल रॉय. जन्म कलकत्त्याचा, २ डिसेंबर १८९८. शिकला लंडनला, सेंट पॉल्स शाळेत. पहिलं महायुद्ध सुरू होतं, याला विमान उडवायचं होतं. रॉयल फ्लाइंग कोअरने, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटिश हवाई दलाने, नजर अधू म्हणून नाकारला. पठ्ठ्याने मोटारसायकल विकली, त्या पैशांत एका बड्या नेत्रतज्ज्ञाकडून डोळे पुन्हा तपासून घेतले आणि नकार फिरवला. जुलै १९१७ मध्ये अधिकारी झाला. बौदी हे सांगत असताना मी चिकटपट्टीवरून बोट फिरवत होते.

त्या डिसेंबरात त्याचं एस.ई.५ विमान कोसळलं. मेला समजून त्याला शवागारात ठेवलं आणि शुद्धीवर आल्यावर त्याने आतून दार बडवलं, असं सांगतात. दार उघडायला बाहेरच्याचं धाडस होईना म्हणे! मग पुन्हा डॉक्टर, पुन्हा 'अपात्र', पुन्हा याचा हट्ट. अंथरुणावर पडल्या पडल्या विमानांची चित्रं काढत बसायचा. जून १९१८ मध्ये तो ४० नंबरच्या स्क्वॉड्रनमध्ये आघाडीवर परतला. ६ ते १९ जुलै एवढ्या दिवसांत त्याच्या नावावर दहा विमानं लागली, त्यांतली दोन इतरांबरोबर मिळून पाडलेली. २२ जुलैला इथेच शेजारी, कार्व्हँच्या आकाशात, जर्मनांच्या फोकर विमानांशी झालेल्या झटापटीत तो गेला. वय एकोणीस. त्याला शिकवून तयार करणारा आयरिश कॅप्टन मॅकेलरॉयही नऊ दिवसांनी पडला. इंद्रलालला डीएफसी हे ब्रिटिश शौर्यपदक सप्टेंबरात जाहीर झालं. ते मिळवणारा हा पहिला भारतीय. पुढे आपल्या हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख झालेले सुब्रतो मुखर्जी याचे भाचे, असं सांगतात.

गावच्याच दफनभूमीत तो आहे. कुंडी ठेवली आणि सवयीने मी दगडाला हात लावून तो कपाळाला लावला. दगडावर फ्रेंच होतं आणि चक्क बंगालीही. बौदींनी बंगाली मोठ्याने वाचलं, "महावीरेर समाधि. संभ्रम देखाओ, स्पर्श कोरो ना."

"संभ्रम?" मला हसू आवरेना. "आमच्यात संभ्रम म्हणजे गोंधळ."

"आमच्यात आदर," बौदी म्हणाल्या. "आणि पुढचं तुला कळलंच असेल. तू आत्ता जे केलंस, ते करू नकोस असं लिहिलंय."

मी हात मागे घेतला. पण खरं सांगू, मला तिथे मराठीतलाच संभ्रम वाटत होता. हा ज्यांच्यासाठी पडला, त्यांच्याच राज्यात पुढच्या एप्रिलमध्ये जालियनवाला बाग घडली. तरी ऊर भरून आला होता, हेही खरंच.

आमच्या साताऱ्याकडच्या गावातही महायुद्धाची एक संगमरवरी शिळा आहे. या गावातून इतके गेले, इतके कामी आले, असं इंग्रजीत. आकडे आहेत, नाव एकाचंही नाही. लहानपणी आम्ही त्यावर स्टंप आखून क्रिकेट खेळायचो. इथल्या स्वच्छ थडग्यांपुढे ते आठवून आधी लाज वाटली, मग राग आला. नावं आम्ही थोडीच गाळली होती? कोरणाऱ्यांनी गाळली. आणि पोरांनी क्रिकेट खेळलेलं त्या फौजी आजोबांना आवडलंच असतं, असं मी परतताना बौदींना जरा जास्तच जोरात सांगितलं.

बौदी म्हणाल्या, "तुमचाही आहे की एक." मुंबईचा श्रीकृष्ण वेलिणकर. तोही वैमानिक, तोही १९१८ मध्येच गेला, जूनमध्ये. आमियाँ शहराजवळ हांगारच्या दफनभूमीत आहे. इतकी वर्षं इथे राहून मला ठाऊक नव्हतं, आणि सांगितलं कोणी, तर बंगाली बाईने!

डॉक्टरांकडे जाऊन आले परवा. चार मिनिटं लागली. नंबर पुण्यात निघाला होता तोच. पावाचाही फरक नाही.