खाली-वर एकच प्रिंटर
आज अख्खा दिवस प्रिंटरपायी गेला, पण जमलं! आमचं घर सांगलीत, विश्रामबागला, दुमजली. खाली मुख्य राउटर, त्याला जोडलेल्या उपकरणांच्या पत्त्यांची १९२.१६८.० ची मालिका. वर दादाने जोडलेला दुसरा, १९२.१६८.१ ची. प्रिंटर वरच्या राउटरला जोडलेला, त्यामुळे खाली बाबांच्या लॅपटॉपला तो दिसायचाच नाही. प्रिंटर शोधणारी एमडीएनएसची (एकाच नेटवर्कमधली उपकरणं शोधायची पद्धत) हाक राउटर ओलांडत नाही, आणि वरचा राउटर नॅटमुळे (आतले सगळे पत्ते आपल्या एकाच पत्त्यामागे लपवायची पद्धत) बाहेरच्याला आपणहून आत घेत नाही. उलट वरून खाली मात्र वाट मोकळी असते! मग प्रिंटर खालच्या राउटरला जोडला, १९२.१६८.०.५० हा पत्ता त्याच्या नावे राखून ठेवला आणि सगळ्या लॅपटॉपवर थेट तोच पत्ता, पोर्ट ९१०० (छपाईचं काम घेणारं प्रिंटरचं दार), टाकला. संध्याकाळी बाबांच्या हळदीच्या हिशोबपट्ट्या निघाल्या. पहिला कागद अजून कोमट होता, बाबांनी तो दोन्ही हातांत धरला. फार बरं वाटलं.