पासवर्ड बदलला तरी कोणीतरी आत येत होतं – माझा अनुभव

गुहागरला काकांचं होमस्टे आहे, मे महिन्यात सगळं फुल्ल. मागच्या सीझनला वेबसाईटवरची बुकिंग आपोआप कॅन्सल व्हायला लागली, काकूने पासवर्ड बदलला तरी परत तेच. "पासवर्ड तर बदललाय, मग घुसतो कुठून रे?" काकांचा प्रश्न. मला संशय आला कुकीचा, म्हणजे साईट आपल्या ब्राउझरमध्ये ठेवते त्या छोट्या नोंदीचा.

लॉगिन केलं की सर्व्हर ब्राउझरला एक लांबलचक नंबर देतो, तो कुकीत राहतो आणि पुढे प्रत्येक क्लिकला तोच दाखवला जातो, पासवर्ड परत कोणी विचारत नाही. म्हणजे तो नंबर ज्याच्या हातात पडला तो साईटच्या लेखी काका झाला. लॅपटॉपवर अ‍ॅडमिन उघडून ब्राउझरच्या कन्सोलमध्ये (कोड टाकून बघायची खिडकी) नुसतं document.cookie लिहून काय येतं बघितलं तर अख्खा नंबर समोर! एचटीटीपी-ओन्ली लावलंच नव्हतं, म्हणजे पानातल्या कोडला कुकी वाचू न देणारी खूण, ही सोय 2002 पासून आहे हो, इंटरनेट एक्सप्लोरर सहाच्या काळापासून. मग रिव्ह्यू बघितले, एकात "छान जेवण" च्या खाली स्क्रिप्ट, म्हणजे ब्राउझरमध्ये आपोआप चालणारा कोड, दडवलेली, काका रिव्ह्यू अप्रूव्ह करायला उघडणार की कुकी गेली बाहेर. एका साईटच्या स्क्रिप्टला दुसऱ्या साईटची कुकी ब्राउझर वाचू देत नाही, पण इथे स्क्रिप्ट आपल्याच पानात बसलेली, ब्राउझर तरी काय करणार.

साईट करणारा म्हणे एसएसएल (ब्राउझर ते सर्व्हर माहिती कुलूपबंद नेणारी सोय) आहे, सेफ आहे. एसएसएल वाटेत चोरी होऊ देत नाही, 2010 ला फायरशीप नावाच्या ब्राउझरच्या अ‍ॅड-ऑनने ओपन वायफायवर कुकी उचलून दाखवल्या तसली चोरी. ही चोरी घरातली, तिथे एसएसएलचा उपयोग शून्य. हे त्याला पटवण्यातच जास्त वेळ गेला.

शेवटी रिव्ह्यूतला एचटीएमएल (पानाचा कोड) बंद केला, कुकीला एचटीटीपी-ओन्ली, सिक्युअर (कुकी फक्त कुलूपबंद वाटेने जाते), सेमसाईट (दुसऱ्या साईटवरून आलेल्या विनंतीबरोबर कुकी जाण्यावर बंधन) लावलं, आणि मुख्य म्हणजे पासवर्ड बदलला की जुनी सगळी सेशन, म्हणजे आधीची चालू लॉगिन, सर्व्हरवरून उडतील असं करून घेतलं, हे नसल्यामुळेच काकूची मेहनत वाया जात होती.

रिसेप्शनवरचा अँड्रॉइड 4.2 चा टॅबही काढायला लावला. त्या जुन्या ब्राउझरमध्ये 2014 ला असं भोक सापडलं होतं की एक साईट दुसरीचं पान वाचू शकायची, आणि तसल्या जुन्या टॅबना अपडेट येतच नाहीत.

कॅन्सलेशन थांबली. साईट करणाऱ्या त्याच माणसाने जवळच्या वेळणेश्वर, हेदवीच्या लोकांच्याही साईट केल्यात, त्यांना फोन करून सगळं सांगितलंय.