शेवटच्या एका वाक्याचा तास

आज वर्गात डिकन्सच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’मधले केवळ शेवटचे वाक्य वाचायला घेतले आणि सगळा तास त्यातच संपला. डिसेंबर १८६० ते ऑगस्ट १८६१ या काळात साप्ताहिकातून क्रमशः आलेल्या या कादंबरीच्या आधी लिहिलेल्या शेवटात गोष्ट सांगणारा नायक पिप आणि त्याचे जिच्यावर प्रेम आहे ती एस्टेला यांची भेट केवळ निरोपापुरती होती, आणि डिकन्सने तो शेवट बुल्वर-लिटन या लेखकमित्राच्या सल्ल्यावरून छपाईपूर्वी बदलला, एवढे मी सांगून टाकले. पुढचा तास मुलांनीच चालवला.

आज प्रचलित असलेल्या वाक्याचा आशय साधारण असा, की तिच्यापासून आणखी एका ताटातुटीची सावली मला दिसली नाही. सावली दिसली नाही म्हणजे ती नव्हतीच असे कशावरून, असे एका मुलीने विचारले. मग निवेदक पिपचे अंदाज कुठे कुठे चुकले होते (आपला उपकारकर्ता कोण, हेसुद्धा त्याने वर्षानुवर्षे चुकीचेच धरले होते), याचे दाखले थेट मागच्या बाकांवरून येऊ लागले. ‘आणखी’ या शब्दावरून तर वर्गात दोन तट पडले. त्या दोघांचे मीलन झाले असे गृहीत धरूनच मी इतकी वर्षे शिकवत आले, हे मला सर्वांसमोर कबूल करावे लागले.