राउटर आधी कपाटामागून बाहेर काढा

आमचा वायफायचा राउटर दोन वर्षं लोखंडी कपाटामागे, जमिनीवर पडून होता. आईच्या खोलीत व्हिडिओ कॉल लावला की चेहरा गोठायचा, आवाज तुटायचा. गेल्या रविवारी तो घराच्या मधोमध, डोक्याच्या उंचीवर भिंतीला लावला. धातू म्हणजे वायफायच्या लहरींचा वैरीच, काँक्रीटची भिंतही बरीच ताकद खाते. एवढ्यानेच अर्धं दुखणं गेलं.

मग बँड, म्हणजे वायफायच्या लहरींचा पट्टा. २.४ गिगाहर्ट्झ लांब पोचतो, पण शेजारपाजारचे सगळे त्यातच. एकमेकांवर न चढणारे चॅनेल (पट्ट्यातल्या मार्गिका) तीनच: १, ६ आणि ११. फोनवरच्या ॲपमध्ये पाहिलं तर ६ वर नऊ नेटवर्क, ११ वर दोन. ११ घेतला. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण दोन भिंतींत दमतो.

लांबच्या खोलीसाठी साधा रिपीटर (सिग्नल पकडून पुढे पाठवणारा डबा) घेऊ नका, असंच मी सांगेन. एकाच रेडिओने ऐकायचं आणि तेच पुन्हा बोलायचं, त्यात वेग साधारण निम्मा होतो. मी इथरनेट केबल ओढली आणि टोकाला जुना राउटर ॲक्सेस पॉइंट (केबलवरचं इंटरनेट वायफायने देणारं यंत्र) म्हणून जोडला. त्याचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा क्रमांक) बदलला, डीएचसीपी बंद केलं (पत्ते वाटणारा घरात एकच हवा), केबल लॅन पोर्टात (घरातल्या उपकरणांसाठीच्या खाचेत) लावली. नाव-पासवर्ड तेच, चॅनेल मात्र १.

वायफायच्या सुरक्षेची पद्धत डब्ल्यूपीए-३, जुन्या उपकरणांसाठी डब्ल्यूपीए-२. डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने झटपट जोडण्याची सोय) बंद.

काल आई बोलत बोलत स्वयंपाकघरातून तिच्या खोलीत गेली. कॉल तुटला नाही.