समुद्रात दगड टाकणारं गाव

पेरास्तमध्ये हरवायचं म्हटलं तरी जमत नाही. काठाकाठाने जाणारा एकच रस्ता आहे आणि बाकीचं गाव त्याच्या एका अंगाला पायऱ्यापायऱ्यांनी वर चढलेलं आहे. मागे सेंट एलायसचा ८७३ मीटरचा डोंगर, पुढे मॉन्टेनेग्रोतली कोतोरची खाडी. कोतोर शहरातून बसने अर्ध्या तासात आपण इथे येतो. उन्हाळ्यात गावात गाड्यांना बंदी असते, त्यामुळे त्या रस्त्यावर लोक मजेत रेंगाळत चालतात, आणि मध्येच कुणीतरी कपडे काढून सरळ पाण्यात उडी मारतं.

पर्यटकांसाठीच्या पुस्तकांत या खाडीला ‘दक्षिणेतला फ्योर्ड’ म्हणायची हौस आहे. ते खरं नाही. फ्योर्ड, म्हणजे कड्यांमधल्या चिंचोळ्या खोल खाड्या, हिमनद्या कोरतात. इथे नदीचं जुनं खोरं समुद्राने बुडवलं आहे. पण बोटीतून जाताना दोन्ही बाजूंनी डोंगर अंगावर आले की हा फरक कुणाला सांगत बसावंसं वाटत नाही. वेरिगे नावाच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीत तर खाडी जेमतेम ३४० मीटर रुंद उरते. शत्रूची गलबतं अडवायला तिथे साखळ्या ताणत असत म्हणे. पेरास्त बरोबर त्या दाराच्या समोर बसलेलं आहे, अंगणात खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्यावर नजर ठेवणाऱ्या आजोबांसारखं.

डोंगर सगळे चुनखडीचे. राखाडी आणि उघडेबोडके. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटावं की इथे पाऊस पडतच नसेल. प्रत्यक्षात रिसान गावाच्या वर, ओरियेन पर्वतातलं त्स्रक्वित्से हे ठिकाण युरोपातल्या सर्वाधिक पावसाच्या जागांमध्ये मोजतात. वर्षाची सरासरी साडेचार हजार मिलिमीटरच्या वर. आपल्याला डोंगरावरचा पाऊस म्हणजे जून ते सप्टेंबर माहीत. इथे उन्हाळा कोरडा आणि पावसाचा जोर शरद-हिवाळ्यात. एवढं पाणी जातं कुठे? चुनखडीतल्या भेगांमधून ते जमिनीच्या पोटात उतरतं आणि पार खाली, समुद्राच्या काठाशी झऱ्यांतून बाहेर येतं. रिसानजवळचा सोपोत नावाचा झरा एरवी कोरडा असतो, मोठा पाऊस झाला की गुहेतून धबधबा होऊन थेट रस्त्याखालून खाडीत कोसळतो. म्हणजे पाणी उदंड, पण ते थांबून माती भिजवेल अशी सोय नाही. मुळात मातीच नाही. शेती करायची तर कशावर?

म्हणून पेरास्तचे पुरुष दर्यावर गेले. इटलीतल्या व्हेनिसच्या राज्यात हे एवढंसं गाव जहाजांवर श्रीमंत झालं. भरभराटीच्या अठराव्या शतकात इथल्या लोकांची शंभराच्या आसपास जहाजं होती असं सांगतात. त्याआधी, सतराव्या शतकाच्या अखेरीस, रशियाच्या पीटर द ग्रेटने आपले सतरा तरुण उमराव नौकानयन शिकायला इथल्या मार्को मार्तिनोविच या कप्तानाकडे पाठवले होते. बुयोविच घराण्याच्या १६९४ सालच्या वाड्यात आता संग्रहालय आहे. त्या शिकवणीचं चित्र तिथे लावलंय. चित्रातल्या विद्यार्थ्यांकडे पाहून मला त्यांची थोडी कीव आली. मॉस्कोची मुलं, जन्मात समुद्र पाहिलेला नाही, आणि इथे उन्हात नकाशे गिरवत बसलेली.

कप्तानांनी पैसा घरांत घातला. काठावर बारोक पद्धतीचे वाडे उभे राहिले, गच्च्या, घराण्याची चिन्हं, भोवती बागा. मला गंमत वाटली ती दगडाची. पाठीशी अख्खा डोंगर दगडाचा, तरी वाड्यांसाठी घडीव पांढरा दगड कोर्चुला बेटावरून जहाजाने मागवत. बरोबरच आहे म्हणा. घरचा माल कुणाला भारी वाटतो?

मग घरच्या दगडाचं काय करायचं, तर तो समुद्रात टाकायचा.

गावासमोर दोन बेटं आहेत, एकमेकांना खेटून. सेंट जॉर्जचं बेट निसर्गाने दिलेलं. त्यावर बाराव्या शतकापासूनचा बेनेडिक्टाइन पंथाचा मठ, सायप्रसची झाडं आणि पेरास्तच्या जुन्या कप्तानांची दफनभूमी. तिथे उतरता येत नाही, नुसतं लांबून बघायचं. दुसरं बेट सपाट, झाडं जवळजवळ नाहीतच, निळ्या घुमटाचं एक चर्च आणि शेजारी नावाडी शिट्ट्या वाजवत उभे. ‘खडकावरची माउली’ असं त्या चर्चचं नाव. हे बेट माणसांनी केलेलं आहे.

गोष्ट अशी सांगतात की २२ जुलै १४५२ला दोन कोळी भावांना पाण्याबाहेर डोकावणाऱ्या एका खडकावर मेरी आणि बाळ येशूचं चित्र सापडलं. त्या खडकावर देऊळ बांधायचं गावाने ठरवलं. पण खडक केवढासा! मग त्याच्याभोवती दगड टाकायला सुरुवात झाली. सफरीहून सुखरूप परतलेल्या खलाशाने येताना दगड आणून टाकायचा. जुनी, खिळखिळी झालेली गलबतं दगडांनी भरून तिथेच बुडवायची. पिढ्यामागून पिढ्या हे चाललं, तेव्हा कुठे बेटाचं क्षेत्रफळ तीन हजार चौरस मीटर झालं. आजचं चर्च बांधायला १६३० साल उजाडलं.

हा हिशेब डोक्यात बसायला मला वेळ लागला. समुद्रातलं बांधकाम म्हटलं की मराठी माणसाला सिंधुदुर्ग आठवणार. पण तिथे कुरटे बेट आधीच होतं, महाराजांचा हुकूम होता, खजिना होता, आणि १६६४ साली घातलेला पाया तीन वर्षांत किल्ला होऊन उभा राहिला. पेरास्तला कुणी हुकूम केला नाही. ज्याने १४५२ नंतर पहिला दगड टाकला, त्याला तो दगड बुडताना दिसला असेल, बस. त्याच्या मुलालाही तेच दिसलं असणार. तरी घरात कुणी ‘बाबा, हे काय लावलंय?’ असं विचारलं नसेल का? मला तर वाटतं, दर पिढीत एक तरी विचारणारा निघाला असेल, आणि त्यालाही एक दगड हातात देऊन बोटीत बसवलं असेल.

चर्चच्या आत शिरलं की डोळे आधी वर जातात. त्रिपो कोकोल्या हा इथलाच चित्रकार. त्याने छत आणि भिंती चित्रांनी भरून टाकल्यात. पण मी रेंगाळले ती चांदीच्या पट्ट्यांपाशी. अडीच हजारांच्या आसपास पट्ट्या भिंतीवर रांगेने ठोकलेल्या आहेत. त्यांवर जहाजं आहेत. कुठे लाटेवर कललेलं, कुठे डोलकाठी मोडलेलं, कुठे चाच्यांनी घेरलेलं, आणि कोपऱ्यात ढगांत बसलेली मेरी. वादळात नवस बोलायचा, वाचलो तर पट्टी आणायची. देवाशी असा रोखठोक व्यवहार मला कळतो.

त्याच चर्चमध्ये एक भरतकाम आहे. यात्सिंता कुनिच-मियोविच या इथल्या बाईने ते पंचवीस वर्षं केलं. नवरा समुद्रावर गेलेला, ती त्याची वाट पाहत बसलेली, आणि सोन्याचांदीच्या धाग्यांसोबत तिने स्वतःचे केस वापरले. देवदूतांच्या डोक्यांवर ते केस आधी गडद आहेत, मग फिके, मग पांढरे होत गेलेत. गाइड लोक हे फार हळव्या आवाजात सांगतात आणि मला अशा वेळी उगाच आंबट प्रश्न पडतात. पंचवीस वर्षं घर कुणी चालवलं? बाजारहाट, दुरुस्त्या, उधारी? ते तिनेच केलं असणार, आणि उरलेल्या वेळात हे. इथल्या इतिहासात कप्तानांची नावं डझनांनी सापडतात. गाव सांभाळणाऱ्यांपैकी सगळ्यांना ठाऊक असं नाव तेवढं हेच, तेही सुईमुळे.

काठावर परतल्यावर सेंट निकोलसचं चर्च पाहिलं. त्याचा घंटाघराचा मनोरा ५५ मीटर उंच आहे. त्याच्या मागच्या बाजूला नव्या, भव्य चर्चचं काम अठराव्या शतकात काढलं होतं, ते अर्धवटच राहिलं. नुसता मागचा गोलाकार भाग उभा आहे. तोवर व्हेनिसचेच दिवस फिरले. मे १७९७मध्ये ते प्रजासत्ताक बुडालं, तरी पेरास्तने त्याचा झेंडा ऑगस्टपर्यंत उतरवला नाही. २३ ऑगस्टला कप्तान योसिप विस्कोविच याने भाषण केलं, लोक रडले, आणि झेंडा चर्चच्या वेदीखाली पुरून ठेवला. मालक गेल्यावरही तीन महिने दिवा लावून बसलेलं गाव! या निष्ठेचं कौतुक करावं की नाही, हे माझं अजून ठरलेलं नाही. व्यापारात व्हेनिसने दिलेल्या सवलतीही त्यांना आठवत असतीलच.

आता पेरास्तची वस्ती पाचशेच्या आतच आहे. कितीतरी वाड्यांची हॉटेलं झाली आहेत, काहींच्या खिडक्या बंद. सप्टेंबरात जेवणाच्या टेबलांवर सगळ्या जगाच्या भाषा ऐकू येत होत्या, स्थानिक भाषा मात्र वाढणाऱ्यांच्या तोंडी. दगड टाकणं मात्र चालू आहे. दरवर्षी २२ जुलैला सूर्य मावळताना होड्या एकमेकींना बांधून रांग करतात, त्यांत दगड भरतात, झाडांच्या फांद्या खोवतात आणि जुनी गाणी म्हणत बेटापाशी जाऊन दगड ओततात. याला ‘फाशिनादा’ म्हणतात. होड्यांत परंपरेने फक्त पुरुष.

आम्हाला बेटावर नेणारा नावाडी पंचविशीतला होता. उन्हाळ्यात होडी, हिवाळ्यात दुसऱ्या शहरात मिळेल ते काम. मी त्याला विचारलं, आता बेट पुरेसं मोठं झालंय, चर्च बांधून चारशे वर्षं होत आली, मग अजून दगड कशाला? तो म्हणाला, लाटा खालून ओढून नेतात, भर घालावीच लागते. मग थोडं थांबून, इंजिनाच्या आवाजावर ओरडून त्याने खरं कारण सांगितलं: “मी कुठेही असलो तरी बावीस जुलैला यावंच लागतं. नाही आलो तर आई घरात घेणार नाही.”

आई स्वतः होडीत बसत नाही ना, मी विचारलं.

“छे! ती काठावर उभी राहून मोजते, कोण कोण आलं नाही ते.”