दापोडी ते गणेशखिंड: औषधी झाडांच्या मागावर

पुण्याच्या दापोडी मेट्रो स्थानकावरून मुळा-पवनेचा संगम फार लांब नाही. याच दापोडीत १८२८ साली मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी सरकारी वनस्पती उद्यान सुरू केलं. १८३८ पासून ते अलेक्झांडर गिब्सन या स्कॉटिश शल्यवैद्याच्या हाती होतं. इथून आणि जुन्नरजवळच्या हिवऱ्याच्या बागेतून सरकारी दवाखान्यांना औषधं जात. १८६५ साली बाग बंद झाली. झाडांची चित्रं तेवढी एडिंबराच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये जपलेली आहेत. तिच्यामागून १८७३ साली गणेशखिंडीची बाग आली, तिला आता जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा आहे. जुने वृक्ष बघायला तिथेच जावं.

सर्पगंधा, म्हणजे रक्तदाबावर वापरली गेलेली औषधी वनस्पती, मात्र शहरातल्या आयुर्वेद महाविद्यालयांच्या वाटिकांमध्ये शोधावी. झुडूप जेमतेम गुडघाभर, पांढऱ्या फुलांच्या गुच्छाचे देठ लालभडक, एका पेरावर बहुधा तीन पानं. शेजारी चार पानांचं, त्यातही लहानमोठ्या पानांचं झुडूप असेल, तर ती अमेरिकेतून आलेली रौवोल्फिया टेट्राफायला. तिची मुळं सर्पगंधा म्हणून बाजारात खपवली जातात, म्हणून हा फरक डोळ्यांत पक्का बसायला हवा.

कलकत्त्यात १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधेच्या रक्तदाबावरच्या उपयोगाबद्दल लिहिलं. मुंबईच्या डॉ. रुस्तम जल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये ५० रुग्णांवरचा अनुभव मांडला, आणि जगाचं लक्ष इकडे वळलं. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये मुळातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळं केलं गेलं. त्याने रक्तदाब उतरतो, पण काहींना खोल नैराश्यही येतं. मूळ उगाळून घरच्या घरी घेऊ नये ते यासाठीच.

लागवड करणाऱ्याचा घात होतो तो बियाण्यात. बरंच बी पोकळ असतं. ते रात्रभर पाण्यात टाकावं, तरंगेल ते फेकावं आणि बुडालेलंच पेरावं. तरीही उगवण कमी आणि मागेपुढे होते, म्हणून रोपं जास्तच धरावीत. काळ्या चिकट मातीत पाणी साचलं की मुळं कुजतात. वाफा उंच हवा, मातीत वाळू आणि कुजलेलं शेणखत हवं. मुळं दीड वर्षाच्या आत काढू नयेत. पानगळ झाल्यावर थंडीत काढावीत. धुताना साल खरवडली की औषधच गेलं, कारण अल्कलॉइड, म्हणजे औषधी गुणाची द्रव्यं, मुख्यतः सालीत असतात.

नरक्याची गोष्ट जास्त जिव्हारी लागते. सह्याद्रीतल्या या झाडाची नोंद ग्रॅहमच्या १८३९ च्या मुंबई आणि आसपासच्या वनस्पतींच्या सूचीत आहे. कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य १९६६ साली एका चिनी वृक्षात सापडलं आणि १९७२ साली नरक्यातही. त्यापासून कर्करोगावरची टोपोटेकान, इरिनोटेकान ही औषधं निघाली. मग जंगलात कुऱ्हाड चालली, मुळासकट झाडं उपटली गेली. मुळात ते द्रव्य पानांपेक्षा बरंच जास्त, त्यामुळे पानं तोडून भागवा हा सल्ला व्यापाऱ्याला पटत नाही. शिवाय याची नर आणि मादी झाडं बहुधा वेगळी असतात, आणि मादी झाडं तुटली की बी थांबतं. म्हणून वाटिकेत एकच नरक्या लावून उपयोग नाही. नर आणि मादी दोन्ही जवळजवळ लावावे लागतात, आणि फुलं येईपर्यंत कोणतं कुठलं ते कळत नाही.